गंजाच्या आधीची झीज

जुन्या शेती अवजारांची आणि यंत्रांची छायाचित्रं मी कृष्णधवल काढतो. का काढतो, हे विचारणाऱ्या बहुतेकांच्या मनात उत्तर आधीच तयार असतं: वस्तू जुनी, म्हणून फोटोही जुन्या वळणाचा. हे उत्तर मला मान्य नाही. वस्तू जुनी आहे हे सांगायला रंग काढून टाकण्याची गरज नसते. बांधाला टेकवून ठेवलेला लोखंडी नांगर रंगीत फोटोतही जुनाच दिसतो, किंबहुना जास्त जुना दिसतो, कारण अंगावरच्या गंजाचा नारिंगी रंग सगळ्यात आधी तेच सांगतो. माझी अडचण नेमकी या गंजाशी आहे. गंज चढतो तो यंत्र थांबल्यावर. हंगामात चालणाऱ्या फाळाला गंज धरायला सवडच मिळत नाही, माती त्याला घासून लख्ख ठेवते. म्हणजे गंज जी हकिकत सांगतो ती यंत्र पडून राहिल्यानंतरची आहे. ते चालत होतं तेव्हा त्याच्यावर काय काय गुदरलं, हे मात्र झिजेत उमटलेलं असतं: फाळाची कोणती बाजू जास्त खाल्ली गेली, मूठ कुठे गुळगुळीत झाली, कोणती कडा बोथट झाली, कुठे जोड लावला. झीज ही आकाराची आणि पृष्ठभागाची गोष्ट आहे. तिला स्वतःचा रंग नाही. रंगीत छायाचित्रात त्या यंत्राच्या हेळसांडीचा इतिहास आधी दिसतो, कृष्णधवल छायाचित्रात त्याने केलेल्या कामाचा इतिहास दिसू शकतो. दिसू शकतो असं म्हणतो, दिसतोच असं नाही. कारण त्यासाठी छायाचित्रकाराला बरंच काही समजून करावं लागतं.

पहिली गोष्ट गंजाचीच. पावसाळा सरता सरता शिवारात गेलं की सगळीकडे हिरवं गवत असतं आणि त्यात पडलेलं लोखंड नारिंगी-तांबडं. हे दोन रंग शेजारी आले की डोळा दुसरीकडे बघायलाच तयार होत नाही. पातं किती झिजलंय, त्यावर ओरखडे कोणत्या दिशेने गेलेत, हे सगळं समोर असूनही दिसत नाही. कृष्णधवलात या रंगाचं काय करायचं हे आपल्या हातात येतं. भिंगावर लाल फिल्टर लावला की गंजाचा रंग उजळतो आणि उघड्या लोखंडाच्या करड्या छटेच्या जवळ येतो. डाग विरतात आणि तिरक्या उजेडात पृष्ठभागाचे उंचसखल भाग वर येतात. हिरवा फिल्टर लावला की नेमकं उलटं होतं, गंजाचे चट्टे काळे पडतात. जुन्या काळच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसतच नसे, त्यामुळे तिच्यावर गंजलेली वस्तू जवळजवळ काळी उतरायची. पुढे पँक्रोमॅटिक फिल्म आली आणि ही निवड शक्य झाली. लाल फिल्टरमुळे सुमारे तीन स्टॉप उजेड कमी होतो, म्हणून तिवई लागते, आणि पडवीतल्या अंधारात तर फारच संथपणे काम करावं लागतं. डिजिटल कॅमेऱ्यात हेच काम नंतर, लाल आणि नारिंगी छटा वरखाली करून होतं. साधन कुठलंही असो, गंजाला किती बोलू द्यायचं हा निर्णय घ्यावाच लागतो. मोबाइलवरचं कृष्णधवलाचं बटण तो निर्णय आपल्या वतीने परस्पर घेऊन टाकतं, आणि म्हणून त्या फोटोंमध्ये लोखंड, लाकूड, माती सगळं एकाच राखाडी पिठात मळल्यासारखं दिसतं.

उजेडाचंही तसंच. ढगाळ दिवशी, आषाढात वगैरे, सावल्या मऊ पडतात आणि यंत्राची पूर्ण घडण नीट कळते. कोणता भाग कशाला जोडलाय, कुठून ताकद यायची आणि कुठे जायची, हे त्या उजेडात समजतं. झीज मात्र त्या उजेडात लपते. तिला थंडीतल्या सकाळचं, जमिनीला घासत येणारं ऊन लागतं. त्यामुळे एकाच अवजाराचं काम एका वेळेत पुरं होत नाही. ते पुरं झालं असं ज्या छायाचित्रकाराला वाटतं त्याने एक तर आकार घेतलेला असतो, नाहीतर झीज.

आता एक लोखंडी नांगर जवळून बघू. माती उलथवणारं त्याचं वळणदार पातं हे या अवजाराचं सगळं शहाणपण. लाकडी नांगर जमीन फाडतो. हे पातं तिला उचलून पालथी घालतं. हरळी-कुंद्याने धरलेल्या काळ्या रानात हा फरक किती मोठा होता हे जुन्या शेतकऱ्यांना वेगळं सांगावं लागत नाही. पात्यावर तिरका उजेड पडला की पुढच्या टोकापासून मागच्या वळणापर्यंत गेलेले बारीक ओरखडे दिसतात, सगळे एका दिशेचे. तोच मातीच्या सरकण्याचा मार्ग. ओरखडे जिथे दाट तिथे दाब जास्त. जिथे पातं अजून खडबडीत तिथे माती पोहोचलीच नाही, म्हणजे नांगरट उथळ झाली. फाळाचं टोक बहुतेक वेळा मूळचं नसतं, लोहाराने झिजलेल्या टोकावर नवं पोलाद जोडलेलं असतं, आणि जोडाची रेघ उजेडात स्पष्ट येते. मूठ मात्र वेगळीच गोष्ट सांगते. तिच्या एका बाजूला हाताच्या घामाने आणि दाबाने चकाकी आलेली असते, दुसरी बाजू तशीच राहिलेली असते. त्यावरून माणूस नांगरावर कोणत्या बाजूला रेलून चालत होता हे कळतं. यातली एकही गोष्ट रंगाने सांगितलेली नाही.

हा नांगर ज्यांनी महाराष्ट्रात रुजवला त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या चरित्रातला एक तपशील मला या संदर्भात फार मोलाचा वाटतो. ते चित्रकला शिकायला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले होते. काही रंग आपल्याला नीट ओळखता येत नाहीत हे लक्षात आल्यावर त्यांनी रंगकाम सोडलं आणि यांत्रिक रेखाटनाकडे वळले. पुढे व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवतही होते. बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात करून ते कडबा कापायच्या यंत्राकडे आणि मग १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगराकडे आले. लोखंडाने जमीन नासते, अशी समजूत तेव्हा शेतकऱ्यांत होती आणि पहिले नांगर खपायला बराच काळ लागला. १९१० मध्ये औंध संस्थानात, कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. रंगाची नजर कमी असलेल्या माणसाने रेषा, कोन आणि वळण यांच्या बळावर हे अवजार घडवलं, यावर मी कोणताही सिद्धान्त उभारणार नाही. पण त्या पात्याचं वळण समजून घ्यायला रंगाची गरज पडत नाही, एवढं मात्र त्यावरून नक्की पटतं.

लोखंडाच्या जातीही कृष्णधवलात वेगवेगळ्या ओळखू येतात. बिडाचा ओतीव भाग साच्यातल्या वाळूचं खडबडीत कातडं अंगावर घेऊन येतो आणि त्यावर गंज सहसा पातळच राहतो. साध्या पोलादाची पट्टी पापुद्रे धरून सुटते. घडीव लोखंडावर घणाचे चपटे ठसे राहतात. रंगीत फोटोत हे तिन्ही तांबडेच. बैलांवर चालणाऱ्या उसाच्या उभ्या चरकाचे बिडाचे रूळ बघावेत. ऊस ज्या उंचीवर आत सारला जायचा त्या उंचीला रुळांची झीज सगळ्यात जास्त, वर आणि खाली ती कमी कमी होत जाते. उसाचा रस किंचित आंबट असतो, तोही लोखंड खातो, म्हणून रस ओघळायचा तिथे खाली जाणाऱ्या बारीक खाचा पडलेल्या असतात. गुऱ्हाळावर लोकांची नजर काहिलीकडे, उकळत्या रसाकडे जाते आणि ते साहजिक आहे. पण काम सगळ्यात जास्त चरकाने केलेलं असतं आणि त्याच्या अंगावर त्याची नोंद आहे.

ऑइल इंजिनाचं उदाहरण याहून बोलकं आहे. विहिरीवरची मोट गेली ती या एका सिलिंडरच्या, जड चाकाच्या इंजिनांमुळे, आणि नंतर विजेच्या मोटारींमुळे. १९४६ मध्ये पुण्यात खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची सुरुवात झाली, सातारा रोडच्या कूपर कारखान्याचीही इंजिनं गावोगाव गेली. इंजिनाच्या पुलीवर पट्टा जिथे धावायचा तिथे लोखंड काचेसारखं होतं. हा चकाकता पट्टा पुलीच्या मध्यावर असेल तर इंजिन आणि पंप एका रेषेत बसवले होते. तो एका कडेला सरकलेला असेल तर बसवणूक तिरकी होती, पट्टा सारखा उतरत असणार, आणि तो चढवायला कुणाला तरी सारखं उठावं लागत असणार. इंजिनाच्या बुडाशी तेल आणि धूळ मिळून जो काळा थर बसतो त्याच्याखाली लोखंड अजून शाबूत असतं. कृष्णधवल छायाचित्रात हे काळे-करडे थर एकमेकांपासून वेगळे काढता येतात, पण त्यासाठी सावलीतला तपशील टिपला जाईल एवढं एक्स्पोजर द्यावं लागतं. काळं ते काळंच येऊ द्यावं, नाट्य वाढतं, असं मानणारे छायाचित्रकार इथे सगळी माहितीच गमावतात.

दुरुस्त्यांबद्दल थोडं विस्ताराने लिहायला हवं, कारण तिथे गावाचा सगळा व्यवहार सापडतो. तिफण, पाभर, कुळव ही लाकडी अवजारं सुतार-लोहारांनी बलुत्यावर केलेली आणि सांभाळलेली. ही व्यवस्था कशी चालायची, कुठे कुरकुरायची, हे त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ च्या ‘गावगाडा’त सविस्तर नोंदवलं आहे. कारखान्याचा नांगर आला तसे नटबोल्ट आले, सुटे भाग आले, दुकान आलं. पण ही अदलाबदल एका दिवसात झाली नाही, आणि जुन्या अवजारांच्या अंगावर ती अर्धवट अवस्थेत अजून दिसते: कारखान्याच्या सांगाड्याला बाभळीचं रुमणं, चौकोनी डोक्याच्या बोल्टाशेजारी हाताने ठोकलेला रिबिट, तुटलेल्या बिडाभोवती आवळलेली लोखंडी पट्टी, आणि त्यावर बऱ्याच नंतरचं वेल्डिंग. एकाच वस्तूवर वेगवेगळ्या काळांचं हस्तकौशल्य एकावर एक चढलेलं असतं. वेल्डिंगची ओबडधोबड रेघ आणि घडीव पट्टीची मऊ कडा यांतला फरक पोताचा आहे. तो नीट आला तर त्या एका छायाचित्रावरून गावातला लोहार कुठवर होता आणि तालुक्याचं वर्कशॉप कुठून सुरू झालं, हे बोट ठेवून दाखवता येतं.

आता आक्षेपांकडे. पहिला, आणि सगळ्यात जास्त ऐकू येणारा: कृष्णधवल म्हणजे गतकाळाची हुरहूर, गेलेल्या दिवसांचे गोडवे. हुरहूर निर्माण होते हे खरं, पण ती रंग नसल्यामुळे होत नाही. ती होते मावळत्या सूर्यासमोर नांगराची काळी आकृती उभी केल्यामुळे, कडा धूसर केल्यामुळे, मागे एकटं झाड ठेवल्यामुळे. हे सगळं रंगीत फोटोतही करतात आणि तिथे ते जास्त खपतं. याच्या उलट बाजूला बर्न्ड आणि हिला बेखर हे जर्मन दांपत्य आहे. १९५९ पासून त्यांनी पाण्याच्या टाक्या, झोतभट्ट्या, खाणींचे मनोरे कृष्णधवलातच टिपले: ढगाळ उजेड, समोरून घेतलेली सरळ चौकट, एकाच जातीच्या अनेक वस्तू ओळीने. त्या चित्रांत हुरहुरीचा लवलेश नाही. एक टाकी दुसरीहून कुठे वेगळी आहे हे बघणाऱ्याला आपोआप कळू लागतं. वॉकर इव्हान्सने १९५५ मध्ये ‘फॉर्च्यून’ मासिकासाठी पाने, पक्कड अशा साध्या हत्यारांची छायाचित्रं काढली, प्रत्येक हत्यार कोऱ्या पार्श्वभूमीवर एकटं. ती बघताना हत्याराचा गौरव वाटतो, पण गळा दाटून येत नाही. मी हाच मार्ग घेतो: मागे साधं पांढरं कापड, शेजारी फूटपट्टी, आणि कॅमेरा यंत्राच्या कंबरेच्या उंचीवर. भारतात रंगीत फिल्म स्वस्त होईपर्यंत कृष्णधवल ही निवड नव्हतीच, परवडत होतं ते एवढंच होतं. आज ती निवड आहे, म्हणून तिचं कारण द्यावं लागतं, आणि ‘छान दिसतं’ हे कारण पुरेसं नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे आणि त्यातला बराचसा भाग मी मान्य करतो. रंग हीसुद्धा माहिती आहे. महिंद्राचा लाल आणि फोर्डचा निळा ट्रॅक्टर गावातलं पोरगंही लांबून ओळखतं. कारखान्याचा मूळ रंग कुठे टिकलाय आणि कुठे मालकाने दुसरा फासलाय, यावरून यंत्राचे हात किती वेळा बदलले याचा अंदाज बांधता येतो. बेंदराला किंवा पोळ्याला अवजारांवर ओढलेले हिंगूळ-चुन्याचे पट्टे कृष्णधवलात नुसते डाग होतात, आणि त्यामागची माया पुसली जाते. अमेरिकेत मंदीच्या काळात सरकारी यंत्रणेने खेड्यापाड्यांची जी छायाचित्रं काढून घेतली ती आपल्याला कृष्णधवल म्हणूनच आठवतात. पण त्याच छायाचित्रकारांपैकी काहींनी रंगीत कोडॅक्रोम फिल्मवरही काम केलं होतं आणि ती चित्रं बघितली की तो काळ करड्या रंगाचा नव्हता याची जाणीव होते. म्हणून माझ्या नोंदीत प्रत्येक यंत्राची एक रंगीत चौकट असते, ओळखीपुरती, आणि डिजिटल असेल तर मूळ फाइलमध्ये रंग शाबूतच राहतो. ट्रॅक्टर आणि मळणीयंत्रासारख्या रंगवलेल्या पत्र्याच्या यंत्रांच्या बाबतीत रंगीत चौकटी वाढवाव्या लागतात. पण नांगर, चरक, कडबा कापायचं यंत्र, पुली, मोटेचं चाक यांवर मूळ रंग असला तरी तो कामाच्या जागी कधीच उरत नाही. तिथे उरतो तो गंज. रंग माहिती देतो हे खरं, फक्त ती माहिती कशाबद्दलची आहे हे प्रत्येक यंत्रापाशी थांबून तपासावं लागतं.

तिसरा आक्षेप नैतिक आहे. तुम्ही यंत्राला सुंदर करता आणि ज्याची त्यावर हाडं झिजली तो चौकटीत नाही, असं म्हटलं जातं. छायाचित्रकार सेबास्तियाओ साल्गादोने काढलेल्या मजुरांच्या चित्रांवरही कष्टांचं सौंदर्यीकरण केल्याची टीका झाली आहे, आणि ती टीका करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. माझं उत्तर दोन पातळ्यांवर आहे. माणूस चौकटीत नसला म्हणजे चित्रात नसतोच असं नाही. डोरोथिया लँगने १९३८ मध्ये टेक्सासमध्ये काढलेल्या एका प्रसिद्ध चित्रात ट्रॅक्टर नाही आणि कुळंही नाहीत. आहेत त्या नांगरलेल्या शेताच्या सऱ्या, रिकाम्या घरापर्यंत गेलेल्या. यंत्राने कुणाला उठवलं हे त्याहून स्पष्ट सांगणं अवघड आहे. आणि दुसरं, झीज नीट दाखवली तर ती कौतुकापाशी थांबत नाही. कडबा कापायच्या यंत्राचं तोंड बघा: वैरण आत सारायच्या पाटीची कडा तळहाताने घासून गुळगुळीत झालेली असते, आणि त्या गुळगुळीत जागेपासून फिरत्या पात्यापर्यंतचं अंतर एक वीतही नसतं. मध्ये कसलीही आडकाठी नाही. शेजारी ठेवलेली फूटपट्टी ते अंतर सेंटिमीटरमध्ये सांगते. बोटं किती जवळ जात होती, याचा हा पुरावा आहे. मळणीयंत्रांमध्ये हात जाण्याचे प्रकार इतके वाढले होते की १९८३ मध्ये संसदेला धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा करावा लागला. रंगीत फोटोत हीच कडा गंजाच्या डागात हरवते. सौंदर्याने दुःख झाकलं जातं हा आरोप मी गंभीरपणे घेतो, पण या ठिकाणी झाकण्याचं काम रंग करत असतो.

यंत्रं जपूनच का ठेवत नाही, फोटोंचा आटापिटा कशाला, असंही कुणी विचारतं. जिथे जपता येतात तिथे जपावीतच. कोल्हापूरजवळ कणेरी मठावरच्या सिद्धगिरी संग्रहालयात शेतकाम करणारी माणसं शिल्पांतून उभी केली आहेत आणि कोणतं काम कसं चालायचं हे तिथे पोराबाळांना छान कळतं. पण एका विशिष्ट माणसाच्या एका विशिष्ट नांगरावरची झीज तिथे मावणार नाही, आणि तशा हजारो नांगरांची तर नाहीच. ती भंगारात जाते. भंगारवाला बीड आणि पोलाद वेगळं तोलतो, म्हणून चरक आणि इंजिनं आधी घणाने फोडली जातात. बीड ठिसूळ असल्याने ते फुटायला वेळ लागत नाही. लाकडी तिफणीचं चाडं आणि फणं तर चुलीत जातात. त्यामुळे आता प्राधान्य कशाला द्यायचं हे ठरवावं लागतं, आणि माझ्या मते ते एक सिलिंडरच्या इंजिनांना द्यावं. लाकडी अवजारांवर लोकांचं लक्ष गेलं आहे, ती हॉटेलांच्या दर्शनी भागात टांगली जातात, निदान दिसतात तरी. इंजिनाला तेवढाही मान नाही. ते जड आहे, तेलकट आहे, आणि वजनावर त्याला चांगला भाव येतो. एखाद्या विहिरीवर ते अजून पायावर बोल्टनी घट्ट असेल तर हलवण्याआधीच टिपावं, कारण पाया, पट्ट्याची दिशा आणि पुलीवरची चकाकी एकत्र असली तरच बसवणुकीची गोष्ट पुरी होते. लाल फिल्टर लावून एक चौकट, फिल्टर न लावता एक, आणि ओळखीपुरती एक रंगीत. सोबत गाव, मालकाने सांगितलेला वापर आणि शेवटी ते कधी चालवलं त्याची नोंद. ही नोंद मालक जिवंत आहे तोवरच घेता येते.